क्लोव्हरच्या शिरा पिवळ्या पडल्या की: मावा पसरवत असलेल्या विषाणूबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लोव्हर (शेंगावर्गातले चाऱ्याचे पीक), वाटाणा आणि घेवडा लावणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न ओळखीचे आहेत, पुढचे अडचणीचे. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे येऊन गेला असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. फक्त फवारणीचीच घाई असलेल्यांनी थेट प्रश्न ८ वर जावे, पण तिथले उत्तर पटण्यासाठी प्रश्न ७ वाचावाच लागेल.

१. हा रोग नक्की कोणता? बुरशीचा की विषाणूचा?

विषाणूचा. त्याचे नाव क्लोव्हर यलो व्हेन व्हायरस. पुढे आपण त्याला पिवळशीर विषाणू म्हणू. ब्रिटनमध्ये पांढऱ्या क्लोव्हरवरून वेगळा काढलेल्या या विषाणूचे वर्णन होलिंग्ज आणि नरियानी या दोघांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. तो पॉटीव्हायरस या मोठ्या गटातला आहे. बटाट्यावरचा वाय विषाणू याच गटाचा. त्याचे कण लवचिक दोऱ्यासारखे, साधारण ७६० नॅनोमीटर लांबीचे असतात आणि आत सुमारे साडेनऊ हजार अक्षरांचा एकपदरी आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, असतो.

विषाणू असल्यामुळे बुरशीनाशकाचा त्याच्यावर काहीही परिणाम होत नाही. ताम्रयुक्त औषध मारले, प्रतिजैविक मारले, तरी पैसे वाया जाण्यापलीकडे काही घडत नाही.

२. तो फक्त क्लोव्हरवरच येतो का?

नाही, आणि खरे नुकसान बहुतेक वेळा क्लोव्हरबाहेरच दिसते. पांढऱ्या क्लोव्हरमध्ये तो वर्षानुवर्षे टिकून राहतो. लाल क्लोव्हर आणि इतर जातींवरही सापडतो. तिथून तो वाटाणा, घेवडा, बाकला, सोयाबीन अशा शेंगावर्गीय पिकांवर जातो. शेंगावर्गाबाहेर उन्हाळी भोपळ्यावर, तसेच स्टॅटिस आणि जेन्शियन या फुलझाडांवरही त्याची नोंद आहे.

क्लोव्हरवर तो सोसण्याइतका सौम्य असतो, घेवड्यावर आणि काही वाटाण्यांवर मात्र फार उग्र. क्लोव्हर बारमाही आहे, जमिनीलगत धावणाऱ्या फांद्यांनी पसरतो आणि आजारी असूनही जगतो. म्हणजे विषाणूला वर्षभर राहायला घर मिळते. घेवडा मात्र एका हंगामात संपणारा पाहुणा आहे.

३. पानावर नक्की काय बघायचे?

पान उजेडासमोर धरा. निरोगी पानात शिरा आणि मधला भाग यांच्या हिरव्या रंगात फार फरक नसतो. या रोगात शिरा, विशेषतः बारीक उपशिरा, आधी पारदर्शक झाल्यासारख्या दिसतात आणि मग पिवळ्या पडतात. मधला भाग हिरवाच राहतो. पुढे पानावर फिकट आणि गडद हिरव्या रंगाचे ठिगळ दिसू लागतात, त्याला आपण मोझॅक म्हणतो. पान थोडे चुरमुडते, आकाराने लहान राहते, वेल खुरटतो.

कोवळे, नुकते उघडलेले पान बघावे. जुन्या पानावर वयाचे, उन्हाचे आणि किडीचे इतके डाग असतात की त्यातून काहीच कळत नाही. आणि एका रोपावरून निर्णय घेऊ नये. चार-पाच जागी वाकून बघितल्याशिवाय चित्र समजत नाही.

घेवड्यावर याच विषाणूचा पिवळेपणा जास्त भडक असतो, वाटाण्यावर तर कधी शेंडाच काळा पडतो. त्यासाठी प्रश्न १० आणि ११ बघा.

४. माझ्या पांढऱ्या क्लोव्हरच्या प्रत्येक पानावर पांढरट पट्टा आहे. हाच रोग का?

बहुधा नाही. पांढऱ्या क्लोव्हरच्या पर्णिकेवर मधोमध फिकट कमानीसारखी खूण असणे ही त्या झाडाची नैसर्गिक नक्षी आहे आणि ती आनुवंशिक असते. ओळखण्याची रीत सोपी आहे: ही खूण एकाच रोपाच्या सगळ्या पानांवर त्याच जागी, त्याच आकाराची येते. रोगाचे डाग असे शिस्तीत बसत नाहीत. या एका गैरसमजापायी निरोगी क्लोव्हर उपटून टाकल्याची उदाहरणे आहेत.

५. लोहाची कमतरता असली तरी पाने पिवळी पडतात. मग फरक कसा करायचा?

चित्र बरोबर उलटे असते. लोह कमी पडले की शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. इथे शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा. शिवाय कमतरता पट्ट्यापट्ट्याने, जमिनीच्या प्रकाराप्रमाणे पसरलेली असते आणि लोह फवारले की काही दिवसांत नवी पाने सुधारतात. विषाणूची रोपे निरोगी रोपांमध्ये इकडे एक, तिकडे दोन अशी विखुरलेली सापडतात.

६. मूग, उडीद आणि सोयाबीनवर येणारा पिवळा मोझॅक तो हाच का?

नाही. हा प्रश्न फार येतो आणि गोंधळ स्वाभाविक आहे, कारण दोन्हीकडे पिवळेपणा आणि दोन्हीकडे शेंगावर्गीय पीक. पण मूग-उडदाचा पिवळा मोझॅक बेगोमोव्हायरस गटातला आहे, त्याचा जनुकीय मजकूर डीएनएचा असतो आणि तो पांढरी माशी पसरवते, मावा नाही. पांढरी माशी तो विषाणू एकदा अंगात घेतला की दीर्घकाळ पसरवत राहते. पिवळशीर विषाणूचे गणित पूर्ण वेगळे आहे (प्रश्न ७). एकाचा सल्ला दुसऱ्याला लावला तर खर्च होतो, उपाय होत नाही.

त्याहून जवळचा नातेवाईक म्हणजे बीन यलो मोझॅक व्हायरस. तोही पॉटीव्हायरस आहे आणि तोही माव्यानेच पसरतो. हे दोघे इतके सारखे आहेत की पिवळशीर विषाणूच्या काही नमुन्यांना पूर्वी त्याचाच उग्र प्रकार समजले जाई. प्रयोगशाळेतही हा घोळ होतो, त्याबद्दल प्रश्न १८ मध्ये.

७. मावा हा विषाणू पसरवतो म्हणजे नक्की काय होते?

पंख असलेला मावा पानावर उतरतो तेव्हा त्याला हे झाड आपल्या कामाचे आहे की नाही ते ठाऊक नसते. तो सोंडेतली सुईसारखी शुंडिका पानाच्या वरच्या पेशींमध्ये थोडी खुपसून चव घेतो. ही चाचणी काही सेकंदांची, फार तर मिनिटभराची असते. आजारी झाडावर एवढा वेळ गेला तरी विषाणूचे कण शुंडिकेच्या टोकाला चिकटतात. पुढच्या झाडावर तशीच चाचणी घेतली की ते सुटून तिथल्या पेशीत जातात. न पुसलेली सुई दुसऱ्याला टोचावी तसेच.

कण चिकटतात ते आपोआप नव्हे. विषाणू एचसी-प्रो नावाचे एक मदतनीस प्रथिन तयार करतो. त्याचे एक टोक शुंडिकेला धरते आणि दुसरे विषाणूच्या आवरणाला. हा दुवा तुटला तर तो विषाणू झाडात सुखाने वाढतो, पण माव्याने पसरत नाही.

विषाणू माव्याच्या अंगात शिरत नाही, वाढत नाही, पिलांकडे जात नाही. मावा दोन-चार झाडे चाखून झाली किंवा काही तास उलटले की तो बहुधा निरुपद्रवी होतो. कात टाकली तरी निरुपद्रवी, कारण शुंडिकेचे अस्तरही कातीबरोबर जाते. अशा प्रसाराला अस्थायी प्रसार म्हणतात.

आणखी एक गोष्ट उलटी वाटेल अशी आहे. निवांत बसून रस पिणारा मावा या विषाणूच्या दृष्टीने फारसा उपयोगाचा नसतो. धोका असतो तो अस्वस्थ, या झाडावरून त्या झाडावर भटकणाऱ्या, पसंत न पडल्यामुळे उडून जाणाऱ्या माव्याचा. वाटाण्यावरचा हिरवा मावा, बटाट्यावरचे मावे, पीचवरचा हिरवा मावा असे अनेक प्रकार हे काम करतात.

८. मग मावा मारून टाकला की रोग थांबेल. कोणते कीटकनाशक वापरू?

थांबणार नाही. मावा मरायला कित्येक मिनिटे ते तास लागतात आणि लागण व्हायला काही सेकंद. फवारलेल्या पानावर बसलेला मावा मरण्याआधी चाचणी घेऊन टाकतो. शिवाय विषाणू घेऊन येणारा मावा बाहेरून उडत आलेला असतो, तुमच्या झाडावर वाढलेला नसतो. काही औषधांनी तर मावा बिथरून जास्त हालचाल करतो आणि त्यामुळे प्रसार वाढूही शकतो. झटकन बेशुद्ध करणाऱ्या पायरेथ्रॉइड गटातल्या काही औषधांनी थोडी घट दिसल्याचे प्रयोग आहेत, पण त्यावर पीक सोडावे इतका भरवसा ठेवता येत नाही. वर, वारंवार फवारणीने माव्याला खाणारे लेडीबर्ड भुंगे आणि क्रायसोपा मरतात आणि मावा वाढतोच.

काम करणाऱ्या गोष्टी कमी आकर्षक आहेत:

खनिज तेलाची पातळ फवारणी शुंडिकेवर कण चिकटण्यात आणि सुटण्यात अडथळा आणते. ती नवीन फुटीवर पुन्हा पुन्हा करावी लागते, कारण तेलाचा थर जुन्या पानावर असून उपयोग नसतो. कडक उन्हात तेलाने पाने भाजतात आणि गंधकाबरोबर किंवा गंधकानंतर लगेच तेल मारले तर हमखास भाजतात.

चंदेरी रंगाचे आच्छादन उतरणाऱ्या माव्याला गोंधळवते. पीक लहान असेपर्यंत याचा चांगला उपयोग होतो. पानांनी जमीन झाकली की तो संपतो. पण लवकर झालेली लागणच जास्त नुकसान करते, त्यामुळे तेवढ्या आठवड्यांची किंमत मोठी आहे.

शेताच्या कडेने विषाणूला न धरणाऱ्या उंच तृणधान्याच्या ओळी मुख्य पिकाआधी लावल्या तर उतरणारा मावा आधी तिथे चाचण्या घेतो आणि टोकावरचा विषाणू तिथेच झाडून पुढे येतो.

या सगळ्याच्या आधी मात्र स्रोत कुठे आहे ते बघायचे (प्रश्न १५).

९. माझ्या घेवड्यावर एकही मावा सापडत नाही, तरी रोग कसा आला?

हा रोग आणायला माव्याने तुमच्या पिकावर वस्ती करण्याची गरज नसते. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण उत्तर अमेरिकेतले आहे. सोयाबीनवरचा मावा तिथे २००० साली पहिल्यांदा आढळला आणि लवकरच महासरोवरांच्या परिसरात त्याची संख्या प्रचंड वाढली. त्याच्या पाठोपाठ तिथल्या घेवड्यावर पिवळशीर विषाणू आणि काकडीचा मोझॅक विषाणू यांच्या साथी आल्या. गंमत अशी की हा मावा घेवड्यावर वसाहत करत नाही. सोयाबीनमधून पंख फुटून उडालेले मावे घेवड्यावर उतरले, चाखून बघितले, नापसंत केले आणि उडून गेले. शेतकऱ्याला पान उलटून बघितले तर काहीच दिसत नव्हते.

पिवळे चिकट सापळे लावले तर उडणारा मावा किती आहे याचा अंदाज येतो. पण सापळा हे मोजमाप आहे, उपाय नाही.

१०. शेंगांवर तपकिरी, चॉकलेटसारखे डाग पडले आहेत. हा करपा आहे का?

असू शकतो, पण घेवड्यावर पिवळशीर विषाणूही असेच डाग पाडतो. इंग्रजीत त्या लक्षणाला चॉकलेट पॉड असेच म्हणतात. शेंगेची साल पृष्ठभागावरच तपकिरी ते चॉकलेटी होते, शेंग वाकडी राहते आणि विक्रीच्या दृष्टीने निकामी ठरते. करप्याचा डाग खोलगट, गोलसर आणि कडेने गडद असतो. दमट हवेत त्याच्या मध्यावर गुलाबीसर लेप दिसतो. विषाणूच्या डागात असा खड्डा किंवा लेप नसतो, आणि त्याच झाडाची पाने पिवळी-हिरवी ठिगळलेली असतात. नुसत्या शेंगेवरून निदान करू नका, पाने बघा. फुले येण्याच्या आसपास किंवा त्याआधी लागण झाली असेल तर शेंगांची संख्याही घटते.

११. एका जातीचा वाटाणा आठवड्याभरात मरतो आणि शेजारच्या जातीवर नुसता मोझॅक दिसतो. विषाणू दोन वेगळे आहेत का?

विषाणू एकच असू शकतो, झाडे वेगळी. रोगाने झाड मेले असे आपण म्हणतो, पण इथे झाड बऱ्याच अंशी स्वतःच्या प्रतिसादाने मरते.

काही वाटाण्यांमध्ये साइन-१ नावाचे एक जनुक असते. झाडाला विषाणूची चाहूल लागली की ते आपल्याच पेशी मारायला लागते. ही संरक्षणाची जुनी युक्ती आहे: लागण झालेल्या चार पेशी मारल्या की विषाणू तिथेच अडकतो. ती जागच्या जागी आणि वेळेत झाली तर पानावर फक्त छोटे करडे ठिपके उरतात. पण पिवळशीर विषाणू त्या आधीच पुढे सरकलेला असतो. पेशी मरण्याची लाट त्याच्या मागोमाग शेंड्यापर्यंत जाते, शेंडा काळा पडतो आणि झाड कोसळते. ज्या वाटाण्यात हे जनुक नाही, तिथे विषाणू वाढतो, पान ठिगळते, झाड जगते.

म्हणून मेलेला वाटाणा कमकुवत आणि जगलेला प्रतिकारक, असा अर्थ काढू नका. जगलेली झाडेच पुढच्या माव्यासाठी विषाणूचे कोठार ठरतात. खरी प्रतिकारकता कशी असते ते प्रश्न १७ मध्ये आहे.

१२. बियाण्यातून येतो का? घरचे बी राखले तर चालेल का?

या विषाणूचा प्रसार मुख्यतः माव्याने होतो आणि बियाण्याला त्याचा महत्त्वाचा मार्ग मानत नाहीत. पण याचा अर्थ शेंगावर्गीय बियाणे विषाणूमुक्त असते असा नाही. बीन यलो मोझॅक काही पिकांत थोड्या प्रमाणात बियाण्यातून जातो, वाटाण्याचा सीड-बॉर्न मोझॅक तर नावाप्रमाणेच वागतो, लसूण घासावरचा अल्फाल्फा मोझॅकही बियाण्यातून जातो. आणि दिसण्यावरून हे वेगळे ओळखता येत नाहीत. आजारी झाडाचे बी न राखणे हाच शहाणपणा.

१३. गवत कापायच्या यंत्राने किंवा कात्रीने पसरतो का?

प्रयोगशाळेत आजारी पानाचा रस निरोगी पानावर चोळून लागण करता येते, तेव्हा शक्यता शून्य नाही. पण शेतात पिवळशीर विषाणूचे काम मावाच करतो. क्लोव्हरमध्ये यंत्राच्या पात्याने झपाट्याने पसरणारा विषाणू वेगळा आहे: व्हाइट क्लोव्हर मोझॅक. तो पॉटेक्सव्हायरस गटातला आहे आणि त्याला माव्याची गरज नाही. कापणीच्या ओळीनेच रोग सरकत गेला असेल तर संशय त्याच्यावर घ्या.

१४. उन्हाळ्यात लक्षणे गेली. झाड बरे झाले का?

नाही. तापमान वाढले की क्लोव्हरवरची लक्षणे अनेकदा दबतात, हवा थंड झाली की परत येतात. विषाणू मधल्या काळात झाडातच असतो. एकदा संपूर्ण झाडात पसरलेला विषाणू शेतात काढता येत नाही, आणि जमिनीलगत धावणारी प्रत्येक फांदी तो पुढे नेते.

संशोधन केंद्रांत उष्णता देऊन किंवा शेंड्यातला सूक्ष्म वाढबिंदू काढून ऊतीसंवर्धनाने विषाणूमुक्त क्लोव्हर मिळवतात. पैदाशीच्या मौल्यवान रोपासाठी ते ठीक आहे. कुरणासाठी नाही.

१५. घेवडा क्लोव्हरपासून किती लांब लावायचा?

सर्वांना लागू पडेल असा एक आकडा सांगणारा माणूस अंदाज सांगत असतो. अंतर वाऱ्यावर, मधल्या पिकावर, उडणाऱ्या माव्याच्या संख्येवर अवलंबून असते. पण नियम स्पष्ट आहे: मावा हा विषाणू लवकर गमावतो, म्हणून लागण स्रोताजवळ दाट आणि लांब जाताना वेगाने विरळ होते. पहिल्या काही ओळी सोडल्याचा फायदा शेवटच्या काही ओळी सोडल्यापेक्षा कितीतरी मोठा.

करता येण्यासारखे: घेवड्याला लागून असलेल्या बांधावरचा, रस्त्याकडेचा पांढरा क्लोव्हर पेरणीआधी काढा. पीक उगवल्यावर काढू नका, कारण वाळत चाललेल्या क्लोव्हरवरचा मावा उडून थेट कोवळ्या रोपांवर उतरतो. शेत अशा बाजूला निवडा की वारा शेतावरून क्लोव्हरकडे जाईल, उलट नाही. आणि पेरणीची वेळ अशी धरा की माव्याच्या मोठ्या उड्डाणाआधी पीक फुलोऱ्याच्या पुढे गेलेले असेल.

१६. मग क्लोव्हर लावूच नये का?

असे अजिबात नाही. क्लोव्हर हवेतला नत्र जमिनीत आणतो आणि चाऱ्यातली प्रथिने वाढवतो. या विषाणूने क्लोव्हर मरत नाही, पण चुपचाप खालावतो: पाने लहान, धावत्या फांद्या कमी, मुळांवरच्या गाठी कमी, म्हणजे नत्रही कमी, आणि प्रतिकूल हंगामात टिकाव कमी. कुरणातला क्लोव्हर दरवर्षी थोडा विरळ होत असेल तर लोक सहसा चराईला किंवा खताला दोष देतात. तिथे एकदा विषाणूची तपासणी करून घ्यावी.

घेवड्याच्या शेताशेजारी मात्र क्लोव्हर आच्छादन पीक म्हणून ठेवणे मला पटत नाही. भुईमुगाचा खुजेपणा आणणारा पीनट स्टंट व्हायरसही पांढऱ्या क्लोव्हरमध्ये टिकतो आणि माव्याने पसरतो, त्यामुळे भुईमूग असेल तर तिथेही हाच विचार.

१७. प्रतिकारक वाण आहेत का?

आहेत, आणि दीर्घकालीन उपाय तोच आहे. घेवड्यात बीसी-३ या जागी असलेल्या जनुकाची काही रूपे या विषाणूला अडवतात. वाटाण्यात सीवायव्ही-१ आणि सीवायव्ही-२ ही जनुके तेच काम करतात. घेवड्यातले बीसी-३ आणि वाटाण्यातले सीवायव्ही-२ ईआयएफ४ई या प्रथिनाशी संबंधित आहेत. झाडाला स्वतःची प्रथिने बनवताना ते लागते, आणि पॉटीव्हायरस तेच उसने घेऊन आपली प्रथिने बनवतो. त्याचा आकार जरा बदललेला असला की झाडाचे काम चालते आणि विषाणूचे अडते.

ही प्रतिकारकता अप्रबळ असते. दोन्ही पालकांकडून ते रूप यावे लागते. संकरात एका बाजूने आले तर झाड रोगालाच बळी पडते. शिवाय विषाणूही बदलतो, आणि वाटाण्यातली ही जनुके ओलांडणारे प्रकार आढळले आहेत.

पाकिटावर नुसते ‘मोझॅक प्रतिकारक’ लिहिले असेल तर कोणता मोझॅक ते विचारा. घेवड्याचा नेहमीचा कॉमन मोझॅक वेगळा, पिवळशीर वेगळा. क्लोव्हरमध्ये कॉकेशियन क्लोव्हर या रानटी नातेवाइकात अनेक विषाणूंना चांगली प्रतिकारकता आहे आणि पांढऱ्या क्लोव्हरशी त्याचे संकर त्याच हेतूने केले गेले आहेत.

१८. नमुना तपासायला कसा द्यायचा? आणि एलायझा पॉझिटिव्ह आली म्हणजे नक्की हाच का?

लक्षणे असलेली कोवळी पाने चार-पाच झाडांवरून वेगवेगळी घ्या, शेजारच्या निरोगी झाडाचेही एक पान घ्या. कोरड्या कागदात गुंडाळून पिशवीत ठेवा, गार ठेवा, गोठवू नका, लवकर पोहोचवा. पाणी शिंपडून बंद केलेली पाने वाटेत कुजतात आणि मग प्रयोगशाळा हात वर करते.

एलायझा ही प्रतिद्रव्य वापरून विषाणू ओळखणारी, स्वस्त आणि लवकर होणारी तपासणी आहे, पण पिवळशीर विषाणूचे आणि बीन यलो मोझॅकचे प्रतिद्रव्य एकमेकांच्या विषाणूलाही काही प्रमाणात ओळखतात. निकाल सीमारेषेवर असेल किंवा जातनिवडीसाठी वापरायचा असेल तर थेट विषाणूचा आरएनए शोधणारी आरटी-पीसीआर तपासणी करून घ्यावी. त्यातही आरएनएचा तुकडा वाचून बघितला तर शंका राहत नाही. पूर्वी किनोआसारख्या सूचक झाडांवर रस चोळून डाग बघत. आजही काही ठिकाणी ती पद्धत जोडीला वापरतात.

१९. आजारी चारा जनावरांनी खाल्ला किंवा शेंगा आपण खाल्ल्या तर?

वनस्पतींचा हा विषाणू माणसांत किंवा जनावरांत लागण करत नाही. चारा कमी मिळेल, शेंगा दिसायला वाईट असतील, एवढेच.

२०. अहवालात दोन विषाणू आले आहेत. कोणत्या उपायाने सुरुवात करू?

एकाच झाडात दोन-तीन विषाणू सापडणे क्लोव्हरमध्ये नित्याचे आहे, आणि जोडी जमली की लक्षणे दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त उग्र होऊ शकतात. पण उपाय ठरतो तो विषाणू माव्यात किती काळ टिकतो यावर.

पिवळशीर, बीन यलो मोझॅक, काकडीचा मोझॅक, अल्फाल्फा मोझॅक, पीनट स्टंट हे सगळे अस्थायी गटातले. यांच्यासाठी प्रश्न ८ आणि १५. मात्र बीन लीफरोल, सोयाबीन ड्वार्फ, सब-क्लोव्हर स्टंट आणि पी एनेशन मोझॅक हे स्थायी गटातले आहेत. त्यांना माव्याच्या शरीरातून फिरून लाळेत यावे लागते. त्यासाठी माव्याने दीर्घकाळ रस प्यावा लागतो, मध्ये थांबावे लागते आणि मग बहुधा पुन्हा बराच वेळ रस प्यावा लागतो. इथे कीटकनाशकाला वेळ मिळतो. बीजप्रक्रियेतून झाडात गेलेले आंतरप्रवाही औषध अशा माव्याला विषाणू सोडण्याआधीच मारू शकते, आणि लवकरची फवारणीही उपयोगी पडते. म्हणून प्रश्न ८ मधले ‘फवारणीने थांबणार नाही’ हे उत्तर या चौघांना लागू नाही. अहवालात दोन्ही गटांतले विषाणू असतील तर बीजप्रक्रिया स्थायी विषाणूसाठी करावी आणि अस्थायी विषाणूसाठी स्रोत, वेळ आणि आच्छादन सांभाळावे. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.